न बोचणारें शस्त्र

लग्नाचा शालू दाखविणारा दुकानदार ज्या आस्थेनें चौकशी करतो, त्याच आस्थेनें पिस्तूल विकणारा गृहस्थहि करीत असेल, अशी कल्पना मला कधीं आली नव्हती. "आपण रोज कोणते कपडे घालतां? सदरा आंत खोंचतां कीं बाहेर सोडतां? दिवसांतून मोटारींत किती वेळ बसावें लागतें? दुकानांत वांकणें, उठबस फार असते का? उजवा हात चालतो कीं डावा?" काउंटरपलीकडचा तो पांढऱ्या दाढीचा, मवाळ आवाजाचा मनुष्य माझ्या धाकट्या भावाला एकामागून एक प्रश्न विचारीत होता आणि माझा भाऊ तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलाप्रमाणें उत्तरें देत होता. आपल्याला भीति कोणाची वाटते, एवढा एकच प्रश्न त्यानें विचारला नाहीं.

मी दोन्ही हात पाठीमागें बांधून उभा होतों. त्याला कारण होतें. पाहुण्याच्या व्हिसावर अमेरिकेंत आलेल्या परक्या माणसानें बंदूक जवळ बाळगणें हा तेथील संघराज्याच्या कायद्यानें, थोडे अपवाद सोडले तर, गुन्हा आहे. भावानें घरून निघतांनाच मला बजावलें होतें, "दादा, नुसतें पाहायचें. हात लावायचा नाहीं." लहानपणीं आत्याच्या कांचेच्या कपाटापुढें उभा करून मी त्याला हेंच सांगत असें. काळ मनुष्याचे उसने कसे फेडून घेतो पाहा!

मी एका महाविद्यालयांत पंचवीसएक वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों आहें. शस्त्रांशीं माझा संबंध मॅक्बेथच्या खंजिरापलीकडे कधीं गेला नाहीं, आणि तो खंजीरहि हवेंतलाच. गेल्या उन्हाळ्यांत सहा आठवडे मी भावाकडे राहिलों. ह्यूस्टन शहराच्या एका उपनगरांत त्याचें औषधांचें दुकान आहे. आदल्या हिवाळ्यांत एका रात्रीं तो दुकान बंद करीत असतां दोघे जण आंत शिरले. एकानें त्याच्या मानेला पिस्तूल लावून त्याला गुडघ्यांवर बसविलें. दुसऱ्यानें गल्ला आणि गुंगीच्या गोळ्यांचें कपाट रिकामें केलें. सारें चार मिनिटांत आटोपलें. कोणाला ओरखडाहि उठला नाहीं. पुण्याला आईला त्यानें 'दुकानांत किरकोळ चोरी झाली' एवढेंच फोनवर सांगितलें होतें, आणि मलाहि तेवढेंच ठाऊक होतें. मी गेल्यावर चौथ्या रात्रीं घरामागच्या हिरवळीवर बसलों असतां त्यानें मला उरलेलें सांगितलें.

"दादा, मरणाची भीति अशी वाटली नाहीं. मी खालीं मान घालून फरशी पाहत होतों. ती नीट पुसलेली नव्हती, तेंच मनांत येत होतें. पण आतां रोज रात्रीं मी तेथेंच गुडघे टेकून बसलेला असतों."

शनिवारीं तो मला 'बरोबर चल' म्हणाला. मी 'नको' म्हणालों असतों. पण नको म्हणण्याचा अधिकार, असलाच तर, त्या फरशीवर बसलेल्या माणसाचा आहे, वर्गांत उभ्यानें व्याख्यानें देणाऱ्याचा नाहीं, असें मला वाटलें, आणि मी गेलों.

टेक्सासमध्यें १९९५ सालच्या कायद्यानें परवाना घेऊन झांकलेलें पिस्तूल बाळगण्याची मुभा मिळाली. १ सप्टेंबर २०२१ पासून तर, एकवीस वर्षें पुरीं झालेल्या आणि कायद्यानें बंदी नसलेल्या माणसाला त्या परवान्याचीहि गरज उरली नाहीं. दुकानांतून विकत घेतांना मात्र संघराज्याचा फॉर्म भरावा लागतो आणि नांवावर कांहीं गुन्हा आहे काय, तें तपासलें जातें. भावाचा तपास आमची कॉफी संपण्याच्या आंत झाला. आपल्याकडे शस्त्र कां हवें, हें अर्जदारानें सरकारला पटवून द्यावें लागतें. तेथें तें कोणी विचारीत नाहीं. म्हणून त्या दाढीवाल्या गृहस्थानेंहि विचारलें नाहीं, तर तो त्याचा दोष म्हणतां येणार नाहीं. भावानें तरीहि परवान्याचा वर्ग केला आणि तीन, सात व पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्यांची परीक्षा दिली. पुण्याच्या पेठेंत वाढलेल्या माणसाला प्रमाणपत्राशिवाय कशाचाच धीर येत नाहीं.

त्या गृहस्थानें प्रथम काउंटरवर एक इवलेंसें पिस्तूल ठेवलें. रुगर कंपनीचें, .३८० चें, रिकामें असतां पाव किलोहून थोडेंसेंच जड. विजारीच्या खिशांत घातलें तर पैशांचें पाकीट वाटावें. मग स्मिथ अँड वेसन कंपनीचें पांच गोळ्यांचें आंखूड रिव्हॉल्व्हर आलें. खिशांतून काढतांना कापडांत अडकूं नये म्हणून त्याचा घोडा पोटांत दडविलेला होता. मग ऑस्ट्रियन बनावटीचें ग्लॉक, पंधरा काडतुसांचें. आणि शेवटीं २०१८ सालीं निघालेलें सिग कंपनीचें, अर्धा किलो वजनाचें, दहा काडतुसें पोटांत घेऊनहि तळहाताएवढें राहिलेलें. गोळ्यांच्या डबीला ते लोक 'मॅगझिन' म्हणतात. ज्यांत दारूगोळा सांठवायचा त्या कोठाराचें हें नांव १७३१ सालीं लंडनच्या एका मासिकानें आपल्याला घेतलें, तेव्हांपासून तें आम्हां लेखकांच्या वाट्याला आलें आहे. संपादकांनीं रागावूं नये. पण दोन्ही ठिकाणीं किती मावतें यापेक्षां वेळेवर बाहेर पडतें कीं नाहीं, यालाच महत्त्व असतें!

पहिल्या पिस्तुलाचीं काडतुसें त्यानें तळहातावर घेऊन दाखविलीं, आणि माझें मन एकदम त्या दुकानांतून निघून गेलें. .३८० म्हणजेच इटालियन लोकांचें 'आंखूड नऊ मिलिमीटर'. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर ज्या बेरेटामधून तीन गोळ्या सुटल्या, त्याचीं काडतुसें याच मापाचीं होतीं. तें पिस्तूलहि असेंच, कपड्यांत सहज मावणारें होतें. तें बाळगणारा मनुष्य मराठी होता. पुढच्याच आठवड्यांत सातारा जिल्ह्यांतला आमच्या आजोबांचा वाडा जमावानें जाळला. आजोबांपाशीं एक गुप्ती होती. वेताच्या काठींत लपविलेलें हातभर पातें. रात्रीं-अपरात्रीं शेतावरून परततांना ते ती हातांत ठेवीत. शेंदोनशें माणसें दाराशीं आलीं तेव्हां ती खुंटीवरच होती. काठी जळाली, पातें राखेंत सांपडलें. आजोबांनीं त्याचा पुढें कोयता करवून घेतला, असें वडील सांगत. हें सारें मला त्या दुकानांत आठवलें. पण भावाला मीं तें सांगितलें नाहीं. तो मुठी दाबून पाहण्यांत गुंतला होता.

दुकानाच्या मागेंच नेमबाजीची जागा होती. चार पिस्तुलें भाड्यानें घेऊन तो आंत गेला आणि मी जाड कांचेमागें राहिलों. तेथें मला त्या शास्त्रांतलें मुख्य कोडें समजलें. खिशांत जें सर्वांत सुखाचें, तें हातांत सर्वांत दुष्ट! हलक्या पिस्तुलाचा झटका तें स्वतः सोसत नाहीं, सारा हाताला देतें. मूठ इतकी आंखूड कीं करंगळी अधांतरीं राहते. भावाच्या पहिल्या पांच गोळ्यांनीं कागदावरच्या माणसाचा कान, खांदा आणि बराचसा मोकळा कागद टिपला, आणि तो अंगठ्याच्या बेचक्यांत फुंकर घालीत बाहेर आला. मोठ्या ग्लॉकनें मात्र त्याच्या गोळ्या बशीएवढ्या जागेंत पडल्या. पण तें कमरेला लावून पाहिल्यावर, बगलेंत उशी घेऊन निघालेल्या माणसासारखा तो दिसूं लागला. म्हणजे बाळगायला जें सुखाचें तें चालवायला त्रासाचें, आणि चालवायला सुखाचें तें बाळगायला त्रासाचें. या दोन त्रासांत तह घडवून आणणें एवढीच ती सारी विद्या.

मला हा सुखाचा सोस प्रथम हास्यास्पद वाटला. मृत्यूचें साधन घ्यायला आलेल्या माणसानें जोडा घेतल्यासारखें 'लागतो का' म्हणून पाहावें, हें काय? पण दाढीवाल्याचें म्हणणें साधें होतें. जें बोचतें तें मनुष्य दोन दिवस लावतो, तिसऱ्या दिवशीं मोटारींत ठेवतो आणि आठव्या दिवशीं घरीं खणांत. पुण्यांत छत्र्यांचें काय होतें, हें आठवून मला हा सिद्धान्त तत्काळ पटला. ज्या दिवशीं पाऊस येतो त्या दिवशीं ती हटकून घरीं असते.

शेवटीं सिगवर तह झाला. पिस्तूल निवडायला अर्धी सकाळ लागली. होल्स्टर निवडायला माझा सारा मुक्काम पुरला नाहीं. होल्स्टरला म्यान म्हणावें असें मला वाटलें होतें. परंतु म्यान दिसण्यासाठीं असतें, हें लपण्यासाठीं. भावानें प्रथम चामड्याचें घेतलें, कारण तें अंगाला मऊ. पुढें कळलें कीं जुनें होऊन सैल पडलेल्या चामड्याची कड आंत दुमडते, आणि पिस्तूल परत घालतांना ती चापांत अडकली तर गोळी सुटते. तेव्हां कायडेक्स नांवाच्या कडक प्लॅस्टिकचें आलें. तें तापवून पिस्तुलाच्या आकारावर बसविलेलें असतें, आणि चाप त्यांत पुरता झांकला जातो. मग जागेचा प्रश्न. उजव्या कुशीच्या मागें लावलें तर मोटारींत बसल्यावर तें पाठीला टोंचतें. पोटाशीं उजव्या अंगाला लावलें तर चटकन् हातीं येतें, पण बसल्यावर नळी जांघेंत रुतते, आणि ती कोणत्या दिशेनें पाहत असते याचा विचार कोणताहि पुरुष शांतपणें करूं शकत नाहीं. त्यांत पोट! पोटाच्या बाबतींत टेक्सास आणि सदाशिव पेठ यांत फारसें अंतर नाहीं, हें त्या दुकानांतल्या आरशांनीं मला दाखविलें. यावर उपाय म्हणून होल्स्टरच्या मागें रबरी पाचर बसवितात, म्हणजे नळी बाहेर आणि मूठ आंत कलते. पट्ट्याखालीं एक लहानसा पंख येतो. तो मूठ अंगाशीं दाबून धरतो. विजार एक माप मोठी. आणि पट्टा दुहेरी, फळीसारखा ताठ. कारण सगळा भार शेवटीं त्यावर. सहा आठवड्यांत भावाच्या खणांत पांच होल्स्टरें जमलीं. माझ्या खणांत टाकून दिलेल्या चष्म्यांचा असाच एक ढीग आहे.

या कारागिरीचें मला कौतुक वाटलें, हें कबूल करतों. २०२४ सालीं लंडनच्या संग्रहालयानें कांहीं वर्षांच्या करारानें दिलेलीं वाघनखें साताऱ्यास आलीं, तेव्हां मी मुद्दाम जाऊन तीं पाहिलीं होतीं. तीं महाराजांचींच, असा पुरावा नाहीं, असें तें संग्रहालयच म्हणतें. तो वाद इतिहासकारांनीं करावा. मला नवल वाटलें तें घडणीचें. बाहेरून पाहावें तर बोटांतल्या आंगठ्या. नखें सगळीं मुठीच्या आंत. आपल्याच हाताला न टोंचतां मूठ मिटतां आली पाहिजे, आणि भेटीला आलेल्याला मिठी मारीपर्यंत कांहीं दिसतां कामा नये, हा विचार ज्या लोहारानें केला, तो या दाढीवाल्याचा पूर्वजच म्हटला पाहिजे.

सदऱ्यावरून आंतल्या पिस्तुलाचा आकार उमटूं लागला तर त्याला ते लोक 'प्रिंट' होणें म्हणतात. आम्ही जन्मभर छापून यावें म्हणून धडपडतों. त्या पंथांत छापून येणें म्हणजे अपयश. भाऊ आरशापुढें उभा राहून हात वर करी, वांके, कुशीवर वळे आणि मला विचारी, "दादा, छापलें जातें का?" मी परीक्षकाच्या गांभीर्यानें 'थोडेंसें' किंवा 'नाहीं' म्हणत असें. पट्ट्यापट्ट्यांचे सदरे यांत वाईट, बारीक चौकडीचे बरे, एवढें ज्ञान मला त्या सरावानें झालें.

त्याच्यांत दुसराहि एक बदल मीं पाहिला. तो दारें वाचूं लागला. टेक्सासमध्यें ज्या दुकानदाराला परवानेवाल्याचें झांकलेलें पिस्तूल आंत नको असेल, त्यानें दाराशीं कायद्यांत ठरलेल्या शब्दांची पाटी लावावी लागते; इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत, आणि अक्षरें एक इंच उंचीहून कमी नकोत. ज्या गुत्त्याचें निम्म्याहून अधिक उत्पन्न जागींच प्यायच्या दारूचें, त्याच्या दाराशीं तांबड्या ५१ च्या आंकड्याची पाटी असते. तेथें नेणें हा गुन्हाच. शाळेच्या इमारतींत नाहीं. म्हणून मुलीला आणायला गेलें कीं पिस्तूल काढून मोटारींतल्या कुलुपाच्या पेटींत, परत आलें कीं पुन्हा कमरेला. माझ्या विद्यार्थ्यांनीं कोणताहि मजकूर इतक्या काळजीनें वाचलेला मला स्मरत नाहीं.

आणि पुतणी. ती पांच वर्षांची आहे आणि अजून कडेवर बसण्याचा हक्क सोडायला तयार नाहीं. बाप दुकानांतून आला कीं ती धांवत येऊन उजव्या कडेवर चढे. पहिल्या आठवड्यांत त्यानें तिला दोनतीनदां हळूच उचलून डाव्या बाजूला घेतलें. पुढें पुढें ती आपण होऊनच वळसा घालून डावीकडे जाऊं लागली. कां, हें तिनें विचारलें नाहीं. मुलें घरांतली नवी भिंत किती लवकर ओळखतात!

माझी भावजय एका इस्पितळांत परिचारिका आहे. या प्रकरणांत ती एका शब्दानेंहि आड आली नाहीं. फक्त एक अट तिनें घातली. घरांत आंकड्याच्या कुलुपाची लोखंडी पेटी पाहिजे. रात्रीं ती तिनें बंद करायची, सकाळीं तिनेंच उघडायची, आणि आंकडा नवऱ्याला सांगायचा नाहीं. मला हें चमत्कारिक वाटलें. चोर रात्रींच येणार, आणि पेटी रात्रींच बंद! मीं तसें म्हटल्यावर ती भांडीं आवरतां आवरतां म्हणाली, "भावजी, मी चोरासाठीं नाहीं म्हणत." मला उमगायला थोडा वेळ लागला. अमेरिकेंत बंदुकीनें जितकीं माणसें मरतात, त्यांपैकीं निम्म्याहून अधिक स्वतःच्या हातानें मरतात. हें मला वाचून माहीत होतें; तिला इस्पितळांतल्या रात्रपाळीनें माहीत होतें. आणि नवरा रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो, हेंहि तिला माहीत होतें. दुसऱ्या दिवशीं तिनें धुतलेले तीन सदरे माझ्यापुढें पसरले. तिन्ही उजव्या अंगाला एकाच जागीं, रुपयाएवढे, घासून विरले होते. पिस्तुलाची मूठ हातांतून निसटूं नये म्हणून खरबरीत केलेली असते. ती कांहीं बोलली नाहीं. घड्या घालून ते तिनें परत नेले.

मीं भावाला एकदां विचारलें, "बाळ, त्या रात्रीं हें तुझ्याजवळ असतें तर?"

तो पुष्कळ वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "मेलों असतों, बहुधा. मानेला नळी लागल्यावर सदरा वर करायला वेळ कोण देतो? तो दाढीवालाहि तेंच म्हणाला."

"मग?"

"मग कांहीं नाहीं. पण गुडघे टेकतांना कमरेला कांहीं तरी बोचलें असतें, दादा. त्या वेळीं माझ्या अंगावर माझें असें कांहींच नव्हतें."

यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें आणि आजहि नाहीं. त्याची झोंप पाहिली तर त्या पेटीला मीं वाईट म्हणूं नये. चौथ्या-पांचव्या आठवड्यापासून तो बारा वाजतां झोंपूं लागला, हें भावजयीनेंच मला सांगितलें. पण निघायच्या आदल्या दिवशीं तो दुकानांतून आला तो हंसत. "दादा, आज गंमत झाली. सगळा दिवस मी विसरूनच गेलों होतों कीं कमरेला हें आहे. आतां मुळींच बोचत नाहीं." त्या शेवटच्या होल्स्टरची, त्या रबरी पाचरीची, त्या पट्ट्याची सगळी कीर्ति त्या वाक्यांत होती, दाढीवाल्यानें ऐकलें असतें तर धन्य झाला असता. मी 'वा' म्हणालों. आणि त्या रात्रीं दोन वाजेपर्यंत मी जागा होतों.

सहा आठवड्यांत त्यानें मला समोरून मिठी मारली नव्हती. खांदा पुढें करून, एका हातानें, ओझरती. मीहि त्याप्रमाणें उभा राहायला शिकलों होतों. निरोपाच्या दिवशीं विमानतळावर मोटार उभी केल्यावर तो क्षणभर आंतच बसून राहिला. पेटीचें कुलूप वाजलें. मग बाहेर आला. आंत गेल्यावर त्यानें माझी पेटी खालीं ठेवली आणि दोन्ही हातांनीं मला घट्ट धरलें, आईला स्टेशनवर धरायचा तसें. माझा उजवा हात त्याच्या पाठीवरून नकळत खालीं सरकला आणि त्याच्या कमरेशीं थांबला. तें त्याला कळलें. तो हंसला आणि तसाच उभा राहिला. हाताला लागला तो फक्त पट्टा. ताठ, दुहेरी, फळीसारखा.